मोटर शिट्टी मारते? आधी या चुका टाळा

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटर चिरक्या आवाजात ओरडायला लागली, की जो तो आधी तेलाची बाटली शोधतो. ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. या मोटरींतली बेअरिंग, म्हणजे फिरणारा दांडा तोलणारी गोळ्यांची कडी, दोन्ही बाजूंनी पत्र्याने झाकलेली असते. ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. वरून सोडलेलं तेल आत पुरेसं जात नाही, शाफ्टवरून (त्या दांड्यावरून) पंपातलं पाणी अडवणाऱ्या सीलकडे मात्र ओघळतं. त्याच सीलपलीकडे तुमचं प्यायचं पाणी असतं.

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या एका रो-हाऊसमधल्या काकूंनी सहा महिन्यांत दोनदा बेअरिंग बदलून घेतली होती, वर शिलाई मशीनचं तेलही घालून झालं होतं. शिट्टी तशीच. मी मोटर चालू न करता आधी खाली वाकून पाहिलं. पंप आणि मोटर यांच्या मधल्या फटीखाली फरशीवर बोटभर रुंद तांबूस ओघळ होता. सील गळत होतं. "अहो, पण पाणी तर व्यवस्थित चढतंय!" काकू म्हणाल्या. चढणारच. सील थेंब थेंब गळलं तरी टाकी भरते, पण तोच थेंब शाफ्टवरून बेअरिंगमध्ये शिरतो. खोलल्यावर आतलं ग्रीस चहाच्या चोथ्यासारखं निघालं. आधीच्या दोन्ही वेळा फक्त बेअरिंग बदलली, सीलला कुणी हात लावला नाही. म्हणून माझ्याकडे बेअरिंग बदलली की सीलही नवीनच. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरी चूक घाईची. आवाज नीट न ऐकताच पाना हातात घेतात. दोन मिनिटं द्या. मोटर चालू करा आणि बटण बंद करताना कान द्या. बंद करताक्षणी आवाज गेला, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा. मोटर थांबेपर्यंत तो हळूहळू खाली उतरत गेला, तर बेअरिंग किंवा घासणारा फॅन. डबा भरून खडी हलवल्यासारखी खडखड असेल, तर सक्शनकडे, म्हणजे पंप खालून पाणी ओढतो त्या बाजूकडे, बघा. वर टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्यावर खडखड कमी झाली, तर पंपाला खालून पाणी पुरत नाही: सक्शन पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हची जाळी गाळाने भरलीय किंवा कुणीतरी एक इंची सक्शनला पाऊण इंची पाइप जोडलाय. खोलीही बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून हवेचा दाब कमी. पाणी खालून ओढायची पुस्तकातली दहा मीटरची मर्यादा इथे साडेनऊच्या आसपास येते आणि घरगुती पंपाकडून सहा मीटरपेक्षा जास्त ओढीची अपेक्षा मी ठेवत नाही.

मोटर फिरत नाही, नुसती घुं घुं करते? लगेच बंद करा. काडीने फॅन फिरवून चालू करायचा जुगाड तर मुळीच नको, बोट जातं आणि मोटरीतल्या तारांचं वाइंडिंगही जळतं. बहुतेक वेळा मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला असतो. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते, तारांना हात लावू नका. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा बघून तोच घ्या.

बेअरिंग बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून शाफ्टवर बसवू नका. नवीन बेअरिंग तिथेच मरते. ठोकायचं ते आतल्या कड्यावर, म्हणून मी त्या मापाचा पाइपचा तुकडा पेटीतच ठेवतो.

मोटर कोरडी चालवू नका. पाण्याशिवाय काही मिनिटांतच सील तापून जातं. आणि मग पुन्हा फरशीवर तोच तांबूस ओघळ.