आरंभीचे ऑक्सिडीकरण तपासताना नळीभट्टीतील वायू स्वच्छ कसा ठेवावा

तांब्याच्या पत्र्यावर पहिल्या काही मिनिटांत ऑक्साइडचा थर कसा वाढतो हे तपासायचे असेल, तर प्रयोग ऑक्सिजन सोडल्यावर सुरू होतो असे मानू नये. नळीच्या आकाराची भट्टी तापत असतानाच, तिच्यात संरक्षणासाठी सोडलेल्या आर्गॉन या निष्क्रिय वायूतील अशुद्धी पृष्ठभागावर काम करू लागलेली असते. सिलिंडरवरील ९९.९९९ टक्के या आकड्याचा अर्थ दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत इतर वायू असू शकतात एवढाच आहे. त्यांत ऑक्सिजनचा एकच भाग धरला, तरी वातावरणीय दाबाला त्याचा आंशिक दाब (मिश्रणातील त्या एकट्या वायूचा दाब) ०.१ पास्कल भरतो. आणि याच्या साधारण साडेसातशेव्या हिश्श्याइतक्या दाबालाही, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला तर, एका सेकंदात रेणूंचा एक पूर्ण थर बसू शकतो.

प्रथम वायू आणणाऱ्या सिलिकोन रबराच्या नळ्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात, कारण सिलिकोनमधून ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही आत झिरपतात. त्यानंतर हवा घालवावी. नुसता वायू वाहता ठेवून आणि तो नळीत पूर्ण मिसळतो असे धरून, २१ टक्के ऑक्सिजन दशलक्षात एका भागावर आणण्यास नळीच्या आकारमानाच्या बारापट वायू लागतो. व्हॅक्यूम पंपाने एक मिलिबारपर्यंत उपसून आर्गॉन भरण्याची क्रिया तीनदा केल्यास हे काम कितीतरी लवकर होते. भिंतींना चिकटलेले पाणी मात्र या हिशेबाला जुमानत नाही. त्यासाठी रिकामी नळी वाहत्या आर्गॉनमध्ये, प्रयोगाच्या तापमानाहून थोडी अधिक, काही तास तापवावी.

वायूच्या वाटेवर आधी बाष्प शोषणारी आण्विक चाळणी आणि मग ऑक्सिजन पकडण्यासाठी सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला तापवलेला स्पंजी टायटॅनियम ठेवावा. ऑक्सिजन व बाष्प यांचे मापन भट्टीच्या बाहेर पडणाऱ्या वायूत करावे. आत जाणाऱ्या वायूचे मापन केवळ मनाचे समाधान करते. दवबिंदू (ज्या तापमानाला वायूतील बाष्प साचू लागते) उणे ६० अंश सेल्सिअस असला, तरी दशलक्षात सुमारे १० भाग बाष्प उरलेले असते.

नमुना भट्टीच्या थंड टोकाशी ठेवून, तापमान आणि मापन स्थिरावल्यावरच बाहेरून चुंबकाने हलवता येणाऱ्या दांड्याने आत सरकवावा. त्यापूर्वी तसाच एक तुकडा ऑक्सिजन न सोडता, तितकाच वेळ आत ठेवून पाहावा. त्यावर नारिंगी किंवा जांभळट झाक आली, तर गळती शोधावी आणि तोवरच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात.