आंब्याच्या पट्ट्या, मासळीचा हिशेब आणि एसक्यूलाइट: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत राहून सॉफ्टवेअरची कामं घ्यायची म्हटलं की गिऱ्हाईक साधारण ठरलेलं असतं. आंबा बागायतदार, काजूची फॅक्टरी, बंदरावरचा मासळी व्यापारी, गणपतीपुळ्याकडचं चार खोल्यांचं होमस्टे. यातल्या कुणालाही सर्व्हर सांभाळायचा नसतो. काउंटरवर एक जुना संगणक, फार तर घरातल्या मुलाचा मोबाइल. नेट असलं तर असलं, आणि मे अखेरीस वळीव सुरू झाला की लाईट जाणार हे गृहीतच. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक कामांत एसक्यूलाइटच असतं, म्हणजे सर्व्हरशिवाय, एका साध्या फाइलमध्ये चालणारा डेटाबेस. इंटर्नशिपला आलेल्या मुलांना सुरुवातीला तोंडी जे सांगतो, ते इथे एकदा लिहून ठेवतोय.

मुलं कॉलेजातून मायएसक्यूएल शिकून येतात आणि हा काहीतरी खेळण्यातला डेटाबेस आहे असं समजतात. तसं नाही. रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेवरच्या एका प्रणालीचं काम करत होते. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा. मग सर्व्हरच नको, प्रोग्रॅमने थेट फाइल वाचावी, या विचाराने २००० साली एसक्यूलाइट आलं. आज ते तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. कुणाची परवानगी नको, लायसन्स नको.

फक्त याचा एक स्वभाव लक्षात ठेवा: ते फारसं कुरकुरत नाही. चुकीचं काही दिलं तरी बऱ्याचदा निमूट ठेवून घेतं, आणि घोळ महिन्यानंतर हिशेबात दिसतो.

नमुना सांगतो. एका बागायतदाराकडे पेट्यांची नोंद होती. ‘डझन’ हा रकाना पूर्णांक म्हणून जाहीर केलेला. हंगाम संपताना वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) आणि आमची बेरीज जुळेना. त्यातही गंमत म्हणजे बेरीज ३१८ अशी न येता ३१८.० अशी यायची. तो ‘पॉइंट शून्य’ हाच सुगावा. एसक्यूलाइटमध्ये पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच येते. शून्य मागे लागलं याचा अर्थ रकान्यात कुठेतरी दशांश किंवा मजकूर शिरलाय. नोंदीचा प्रकार सांगणारं ‘टाइपऑफ’ लावून टेक्स्ट असलेल्या ओळी काढल्या तर सगळ्या एकाच माणसाच्या. तो मराठी कीबोर्डवरून ‘५’ टाइप करायचा. एसक्यूलाइटला देवनागरी आकडा म्हणजे आकडा वाटतच नाही. ते अक्षर म्हणून साठवतं आणि बेरजेत त्याची किंमत शून्य धरतं. वर पायथनमधली आमची तपासणी हा आकडा बिनदिक्कत पास करत होती, कारण पायथनला देवनागरी अंक कळतात. दोन थर, दोघांचे नियम वेगळे, आणि मधल्यामध्ये बागायतदाराच्या पेट्या गायब.

उपाय दोन. पायथनमध्ये नुसतं तपासू नका, संख्येत रूपांतर करून मगच साठवा. आणि टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून ही सोय आहे. मग पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर घालायला गेलात की तिथल्या तिथे एरर येतो. पण थांबा, यालाही शेपूट आहे. स्ट्रिक्ट टेबल असलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही, स्कीमा (टेबलांची रचना) बिघडलाय म्हणून सांगते. अँड्रॉइड ११ मध्ये फोनसोबत येणारं एसक्यूलाइट ३.२८ आहे. म्हणजे संगणकावर बनवलेली फाइल गिऱ्हाइकाच्या फोनवर तशीच न्यायची असेल तर आधी त्याचा फोन बघा. कुठलीही तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न हाच: आवृत्ती कुठली? ‘सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन’ चालवा आणि मग बोला.

दुसरा हमखास घोळ तारखांचा. पहाटे चारला बोट लागते, मासळी उतरते, नोंद होते. एसक्यूलाइटचं ‘नाऊ’ मात्र ग्रीनिचच्या घड्याळाचं, आपल्या साडेपाच तास मागे. तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा. परिणामी पहाटे साडेपाचच्या आतला सगळा माल कालच्या तारखेला पडतो. दुकानदाराला हा घोळ कधीच दिसणार नाही, कारण तो शटर उघडतो नऊला. बंदरावर मात्र पहिल्याच दिवशी बोंब. आमची पद्धत अशी: साठवताना ग्रीनिचचीच वेळ साठवायची आणि दिवसाचा हिशेब काढताना साडेपाच तास मिळवायचे. ‘लोकलटाइम’ वापरला तरी चालतं, पण तो ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालतो तिथलं घड्याळ पाहतो. तोच प्रोग्रॅम उद्या भाड्याच्या परदेशी सर्व्हरवर गेला की पुन्हा तोच घोळ. आपल्याकडे घड्याळं ऋतूप्रमाणे पुढे-मागे करत नाहीत, तेव्हा सरळ साडेपाच तास हेच बरं.

आता ‘डेटाबेस इज लॉक्ड’. हा मेसेज पाहून नवीन मुलं घाबरतात, कुणीतरी फाइल डिलीट करायला निघतं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसरा आला तर त्याला थांबावं लागतं. पण किती थांबायचं हे सांगितलं नसेल तर ते शून्य धरतं, म्हणजे लगेच एरर. बिझी टाइमआउट पाच सेकंद द्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग वॉल मोड चालू करा, म्हणजे नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. २०१० पासून तो आहे, आणि त्यात एक जण लिहीत असताना बाकीचे वाचू शकतात. एवढं करूनही लॉक येत असेल तर दोन जागा बघा. एक, कुणीतरी डेटाबेस पाहायचं टूल उघडून, एखादा आकडा बदलून, सेव्ह न करता जेवायला गेलंय. (हे इतक्या वेळा निघतं की आम्ही आधी तेच विचारतो.) दोन, तुमचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) वाचण्यापासून सुरू होतो आणि मध्येच लिहायला लागतो. वॉलमध्ये तेवढ्यात दुसऱ्याने लिहून ठेवलं असेल तर टाइमआउट कितीही असो, तुम्हाला लगेच नकार मिळतो, कारण तुम्ही वाचलेलं चित्र आता शिळं झालंय. लिहायचं आहे हे आधीच माहीत असेल तर व्यवहार ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करा.

दुकान आणि गोदाम, दोन संगणक, मध्ये विंडोजचं शेअर्ड फोल्डर, आणि फाइल त्यात: हे करू नका. गिऱ्हाईक आग्रह करेल, “चालतंय की” म्हणेल. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल लॉकिंगचा भरवसा नसतो आणि वॉल मोड तर तिथे चालतच नाही. अशा ठिकाणी एका मशीनवर छोटी सेवा ठेवा किंवा सरळ पोस्टग्रेससारखा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या.

बॅकअपबद्दल इथे फार पटवावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर व्यापारी स्वतःहून विचारतात. अडचण बॅकअप कसा घ्यायचा याची आहे. प्रोग्रॅम चालू असताना फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तर शेजारची ‘-वॉल’ नावाची फाइल मागे राहते आणि ताज्या नोंदी तिच्यातच असतात. एका व्यापाऱ्याच्या भाच्याने ती रद्दी समजून उडवली होती; दुपारनंतरची बिलं गेली. लाईट जाऊन संगणक बंद पडला की ‘-जर्नल’ फाइल दिसते, तिलाही हात लावायचा नाही. पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना अर्धवट राहिलेला व्यवहार तिच्याच आधाराने मागे घेतला जातो. बॅकअपसाठी चालू डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारं ‘व्हॅक्युम इंटू’ वापरा, नावात तारीख घाला, आणि ती प्रत दुसऱ्या गावी जाऊ द्या. त्याच बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानात ठेवून उपयोग काय? महिन्यातून एकदा ती प्रत उघडून, फाइल धड आहे का ते तपासणारं ‘इंटिग्रिटी चेक’ चालवा. न उघडलेला बॅकअप आम्ही बॅकअप धरत नाही.

मग येतात मागण्या. “एसक्यूलाइटमध्ये हे का नाही?” ही यादी प्रत्येक इंटर्नकडे असते. मागणी लिहिण्याआधी बघा, ती आधीच पुरी झालेली असते का. रकाना काढून टाकायची सोय २०२१ मध्ये आली, राइट जॉइन (दोन टेबलं जोडायची एक रीत) २०२२ मध्ये. रकान्याचा प्रकार बदलायची सोय मात्र अजून नाही. नवं टेबल करा, माल तिकडे न्या, जुनं पाडा, नव्याला जुनं नाव द्या. कंटाळवाणं आहे, आणि मलाही ही सोय हवीच आहे.

फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती तिथे आहे ना याची तपासणी, मुळात बंद का, ही सगळ्यांची तक्रार. दर कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते आणि विसरलं तर पट्टी राहते, बागायतदार उडालेला असतो. कारण सरळ आहे: २००९ मध्ये ही तपासणी आली तेव्हा तिच्याशिवाय चालणारे असंख्य प्रोग्रॅम आधीच बाहेर होते, आणि एसक्यूलाइटवाले जुनं मोडू देत नाहीत. २०५० पर्यंत सांभाळायचं म्हणणारी मंडळी ती. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. तुम्ही कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन लिहा, त्यात फॉरेन की, बिझी टाइमआउट सगळं टाका, आणि दुसरीकडून कुणी कनेक्शन उघडू नये याची काळजी घ्या. पैशांसाठी नेमका दशांश प्रकार नाही, याबद्दल मी भांडायचं सोडलंय. रुपये नको, पैसे साठवा, पूर्णांकात. आडत आणि हमाली कापताना आकडा कुठे राउंड करायचा ते आधी दलालाच्या पट्टीवरून बघून घ्या.

माझी स्वतःची मागणी मराठी क्रमवारीची. एसक्यूलाइट अक्षरं युनिकोडच्या आकड्यांनी लावतं, आणि तिथे ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. त्यामुळे गावांच्या यादीत कोळंबे आधी येतं आणि कोसुंब नंतर. पन्नाशीतल्या दिवाणजींना हे खटकतं, कारण त्यांचा ळ ‘ह’नंतर येतो. शोधताना आणखी वाईट. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. एसक्यूलाइटला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही.

पायथनमधून स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) लिहून देता येतं, आम्ही तेही करून पाहिलं. पण ते कोलेशन फाइलमध्ये जात नाही. दुसऱ्या टूलने तीच यादी लावायला घेतली की ‘नो सच कोलेशन’ म्हणून अडतं. म्हणून आता नावाशेजारी आणखी एक रकाना ठेवतो. नाव साठवतानाच त्यातला जोडक बदलून ऱ करायचा, ळ आणि क्ष-ज्ञ यांना शेवटी जाणारी चिन्हं द्यायची, आणि इंडेक्स त्या रकान्यावर लावायचा. दिवाणजींना दिसतं ते मूळ नाव, क्रम आणि शोध मात्र या लपलेल्या रकान्यावरून. नवीन इंटर्नला पहिलं काम म्हणून हेच फंक्शन लिहायला देतो, आणि तपासायला तालुक्यातल्या गावांची यादी.