आयर्लंडमधलं जुनं कॉटेज घेताय? मग या चुका टाळा

पश्चिम आयर्लंडच्या मेयो काउंटीत मित्राने गवताने शाकारलेलं जुनं दगडी कॉटेज घेतलं आणि दोन सुट्ट्या मी तिथे हमाली केली, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका आमच्या करून झाल्यात.

सगळ्यात महागात पडली ती सिमेंटची. भिंती दोन फूट जाड, दगड चुन्यात नाहीतर चिखलात बसवलेले, पायात ओल अडवणारा थर वगैरे काही नाही. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून हळूहळू उडून जाते, असा सगळा हिशोब. आधीच्या मालकाने बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलेला, मग ओल जाणार कुठे, आतच आली! कपाटामागे पांढरे क्षार, बोटाने दाबलं की पापुद्रा हातात. त्यावर आम्ही शहाण्यांनी आतून वॉटरप्रूफ पेंट लावला, म्हणजे उरलेली वाटही बंद. भिंत ओली दिसली की पेंटच्या दुकानात पळू नका, आधी बाहेर जाऊन बघा. गवताच्या छपराला पन्हळ नसते, पाणी वळचणीवरून सरळ खाली पडतं, तिथे कुणी काँक्रीट टाकलं असेल तर तेच पाणी भिंतीत मुरतं. काँक्रीट फोडा, सिमेंट जपून काढा, चुना लावा आणि मग महिनोन्‌महिने वाट बघा.

धुराचं प्रकरण वेगळंच. तिथे चुलीत टर्फ जाळतात, म्हणजे दलदलीत साचून दबलेला पालापाचोळा, ताजा कापला तेव्हा जवळजवळ ९० टक्के पाणीच. वसंतात कापून विटा एकमेकींना टेकवून उभ्या करतात, उन्हाळाभर वाळवतात. ओल्या जाळल्या तर नुसतं डोळ्यात पाणी. आमच्या वाळलेल्या होत्या तरी खोली धुराने भरली, कारण खिडक्या नव्या, हवाबंद. शेजारचे आजोबा आले, काही न बोलता वर-खाली दोन भागांत वेगळं उघडणाऱ्या दाराचा वरचा भाग उघडला आणि धूर गपचूप धुराड्यात. ते दार कोंबड्या बाहेर आणि पोरं आत ठेवायला, एवढंच आम्हाला माहीत होतं! (कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मात्र लावाच.)

रात्री विस्तवावर पाणी ओतू नका प्लीज. निखारे गोळा करून राखेत पुरायचे, सकाळी राख सारली की लालबुंद, आपल्या आज्या करायच्या तसंच. चूल विझणं तिथे अपशकुन मानायचे.

आणि सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवलेला पाव. तो भाजायच्या बिडाच्या झाकणवाल्या भांड्याखाली, म्हणजे बॅस्टिबलखाली, जाळ ठेवला की बूड कोळसा, आत कच्चं पीठ. निखारेच हवेत, खालीही आणि झाकणावरही. आमचा तिसरा जमला, लोणी लावून उभ्याउभ्याच संपला.