महिला पॅराग्लायडिंग संघासाठी प्रायोजक शोधताय? या चुका टाळा

कंपनीला दोन खिसे असतात. एक जाहिरातीचा, दुसरा सीएसआरचा, म्हणजे कायद्यानं समाजकार्यासाठी करायच्या खर्चाचा. ‘मुलींना परदेशात देशाचं नाव उज्ज्वल करायचंय, सहकार्य करावं’ असं एकच पत्र बरेच संघ दोन्हीकडं पाठवतात आणि दोन्हीकडून नकार घेतात. जाहिरात विभागाला त्या पत्रात लोगो कुठं दिसेल ते कळत नाही, सीएसआर विभागाला प्रकल्प सापडत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ याच गोंधळात आहे.

सीएसआरकडं स्पर्धेचा खर्च मागणं

कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात खेळाचा उल्लेख आहे, पण तो ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळांच्या ‘प्रशिक्षणा’साठी. पॅराग्लायडिंग ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळं ते या चौकटीत कसं बसतं हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. उत्तर स्वतः ठोकून देऊ नका, कंपनीच्या सीएसआर समितीला ठरवू द्या. 2021 मध्ये नियम आणखी स्पष्ट झाले. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. भारताबाहेरचा खर्चही धरत नाहीत. राज्याचं राष्ट्रीय पातळीवर किंवा देशाचं आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचं प्रशिक्षण एवढाच अपवाद.

म्हणजे विमानाची तिकिटं आणि प्रवेश फी या खिशातून मागितली की फाइल अडकते. हिमाचल प्रदेशातल्या बीर-बिलिंगचं सराव शिबिर किंवा पाण्यावरचा एसआयव्ही कोर्स, ज्यात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ग्लायडर मुद्दाम कोलमडवून सावरायला शिकवतात, हे मागा. पैसे ज्या संस्थेमार्फत खर्च होणार तिच्याकडं सीएसआर-1 (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) आणि आयकर सवलतीच्या 12ए व 80जी नोंदण्या लागतात. नोंदणी नसेल तर ती असलेल्या क्रीडा संस्थेला आधी सोबत घ्या. आणि या प्रस्तावात ‘ग्लायडरवर आपला लोगो झळकेल’ हे वाक्य नको. त्याच वाक्यावर अर्ज परत येतो.

‘भारतीय संघ’ म्हणायची घाई

एफएआय म्हणजे हवाई खेळांची जागतिक संघटना. तिच्या स्पर्धांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गात जागतिक आणि खंडीय अजिंक्यपद स्पर्धा येतात. तिथं संघ देश पाठवतो, नाव राष्ट्रीय संघटनेकडून जातं. दुसऱ्या वर्गातल्या खुल्या स्पर्धांत पायलट स्वतः अर्ज करते, आणि जागा कमी असतील तर जागतिक क्रमवारी बघितली जाते. दोन्हीकडं एफएआय स्पोर्टिंग लायसन्स लागतं, ते देशाच्या राष्ट्रीय एअरो क्लबमार्फत मिळतं.

दुसऱ्या वर्गातल्या स्पर्धेला निघालेल्या चार जणींनी ‘टीम इंडिया’ म्हणून पैसे मागितले आणि प्रायोजकानं निवडीचं पत्र मागितलं, की संपलं. ‘महाराष्ट्रातल्या चार महिला पायलटांचा संघ’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. प्रवेश ‘निश्चित’, ‘प्रतीक्षा यादीत’ की ‘अर्ज केलेला’, तेही लिहा आणि जागा न मिळाल्यास पहिला हप्ता परत करायचा की दुसऱ्या स्पर्धेसाठी वापरायचा, हे करारातच ठरवा.

तिरंगा ग्लायडरवर किंवा जर्सीवर घेताना त्यावर लोगो छापू नका. ध्वजसंहितेनुसार ध्वजावर अक्षरं चालत नाहीत, जाहिरातीसाठी त्याचा वापरही चालत नाही. तंबाखू कंपनीचं प्रायोजकत्व कायद्यानं बंद आहे आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर 2025 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं तिकडून कितीही आकर्षक फोन आला तरी नको.

बजेटमध्ये न दिसणारा खर्च

तिकीट, हॉटेल, प्रवेश फी एवढं सगळेच लिहितात. राहतं ते सामानाचं वजन. स्पर्धेचं ग्लायडर 5 ते 7 किलो, पॉड हार्नेस (पायलटची पाय झाकणारी बैठक) 5 ते 8, रिझर्व्ह पॅराशूट दीड-दोन किलो (काही जणी दोन नेतात), वर हेल्मेट, व्हेरिओ-जीपीएस (चढउतार आणि जागा दाखवणारं यंत्र), रेडिओ, गरम कपडे आणि मोठी पिशवी. 20 किलोच्या आसपास इथंच पोचलो. 23 किलोच्या बॅगेत मग उरतं काय? दुसऱ्या बॅगेचे पैसे जाताना आणि येताना दोन्ही वेळा धरा. निघताना विमानतळावर कस्टमकडून महाग साहित्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. बिल आणि सिरीयल नंबर जवळ ठेवा. नाहीतर परतताना हे परदेशातून आणलेलं नाही, हे सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे रिट्रीव्ह, म्हणजे गोलच्या (शर्यतीच्या अंतिम ठिकाणाच्या) आधी कुठंतरी शेतात उतरलेल्या पायलटला गाडीनं परत आणणं. काही स्पर्धांत ते प्रवेश फीमध्ये असतं, काहींत नसतं. नसेल तर गाडी, इंधन आणि ड्रायव्हर रोज लागतो.

युरोपात स्पर्धा असेल तर शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो साधा प्रवास विमा असतो आणि त्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. पॅराग्लायडिंग स्पर्धा आणि हेलिकॉप्टर बचाव शब्दांत लिहिलेला विमा वेगळा घ्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. खर्च कंपनी करणार असेल तर तसं कंपनीचं पत्र फाइलला हवं. अर्जात ‘खर्च स्वतःचा’ आणि सोबत प्रायोजकाचं पत्र, अशी विसंगती व्हिसा अधिकाऱ्याच्या लगेच नजरेत येते.

युरोचा दर चढतो, म्हणून परकीय चलनातल्या खर्चावर 5 ते 7 टक्के जास्त धरा आणि ती ओळ उघड दाखवा. लपवलेल्या फुगवट्यापेक्षा लिहिलेली तरतूद लेखा विभाग सहज मान्य करतो.

फुकटचं ग्लायडर

विक्रेता किंवा क्लब वस्तुरूपात मदत म्हणून वापरलेलं ग्लायडर देऊ करतो. आधी ग्लायडरवरच्या लेबलवरची वजन मर्यादा वाचा. ती पायलट, ग्लायडर, हार्नेस सगळं मिळून असते. समजा मर्यादा 85 ते 105 किलो आहे आणि पायलट सामानासकट 76 भरते. ग्लायडर हळू चालेल, उसळत्या हवेत लवकर दुमडेल, आणि 9 किलो पाणी बॅलास्ट (जादा वजन) म्हणून बांधलं तरी ती खालच्या काठावरच राहील. हलक्या पायलटांच्या बाबतीत ही चूक सर्रास होते, कारण बाजारात सुटलेली ग्लायडर बहुतेक पुरुषांच्या मापाची असतात. सोबत दोऱ्यांची लांबी आणि कापडाची हवाबंदी तपासल्याचा अहवाल मागा. अहवाल नसेल तर भेट नम्रपणे नाकारा आणि त्याऐवजी स्वतःच्या ग्लायडरसाठी दोऱ्यांचा नवा संच मागा.

लोगोचं वचन देताना

लोगो ग्लायडरवर, पण कुठं आणि केवढा? जमिनीवरून 300 मीटर उंचीवरचं अक्षर वाचता यायचं तर ते निदान मीटरभर उंच लागतं. कंपनीचं नाव चौदा अक्षरांचं असेल तर ते मावणारच नाही, मग फक्त चिन्ह घ्या. जागा खालच्या पृष्ठभागावर, मागच्या काठाकडं. पुढच्या काठाजवळ चिकटवलेलं कापड हवेचा प्रवाह बिघडवतं, त्यामुळं तिथं लोगो नको. रंगानं छापायचा मोह टाळा: द्रावकाचा रंग कापडाचं आवरण खातो. चिकटणारं हलकं रिपस्टॉप कापड वापरा आणि डाव्या-उजव्या बाजूचं वजन सारखं ठेवा. नवं ग्लायडर मागवणार असाल तर कारखान्यातच लोगो शिवून किंवा छापून घेता येतो, पण त्यासाठी प्रतीक्षा वाढते.

खरं सांगायचं तर छायाचित्रांत जास्त दिसतं ते हेल्मेट. टेकऑफच्या रांगेत प्रत्येक कॅमेरा चेहऱ्यावर असतो. कंपनीला हे समजावलं तर ग्लायडरवरचा हट्ट कमी होतो. फक्त आधी स्पर्धेचे स्थानिक नियम वाचा: आयोजकांचे स्वतःचे प्रायोजक असतात, त्यांचं स्टिकर किंवा बिब (अंगावर घालायचा नंबरचा कपडा) सक्तीचं असू शकतं. छायाचित्रं मे महिन्याच्या आत कामशेत किंवा पाचगणीला काढून ठेवा. पावसाळ्यात तिथं उडणं बंद असतं.

अपघाताचा विषय न काढणं

समोरच्या मॅडम किंवा साहेब मनात पहिला प्रश्न हाच विचारत असतात, तुम्ही काढला नाहीत तरी. प्रस्तावात अर्धं पान द्या: कोणाचं रिझर्व्ह कधी पुन्हा घडी घालून बसवलं, कोणी एसआयव्ही केलंय, विमा कोणता, आणि काही झालं तर घरच्यांना कोण कळवणार. कंपनीनं काही प्रसिद्ध करायच्या आधी कुटुंबाला कळलेलं असेल, ही अटही त्यातच.

पैसे कॅप्टनच्या बचत खात्यात

ते तिचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. कंपनी टीडीएस कापून देते, म्हणून ठरलेली रक्कम हातात येत नाही. जीएसटी कोणी भरायचा हे बिल देणारा कोण यावर ठरतं, म्हणून करारापूर्वी सीएला दाखवा. परदेशातल्या मराठी मंडळातलं कोणी वैयक्तिक मदत करणार असेल तर देणगीदाराचा पासपोर्ट कोणता ते विचारा: भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली मदत वेगळी, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यानं दिलेली वेगळी. दुसरीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो.

पत्राची पहिली ओळ

‘महोदय, महिला सक्षमीकरणाच्या या प्रवासात आपण सहभागी व्हावं ही नम्र विनंती.’ अशी पत्रं 8 मार्चच्या आठवड्यात ढिगानं येतात, म्हणून त्या आठवड्यात पाठवूच नका. जानेवारीत, एप्रिलचं बजेट ठरायच्या आधी, असं लिहा:

‘नमस्कार मॅडम, जुलैच्या स्पर्धेत आमच्या चार पायलट उतरत आहेत, तिघींचा प्रवेश निश्चित आहे. चार हेल्मेट आणि दोन ग्लायडरवर आपलं चिन्ह, तसंच 30 छायाचित्रं वापरण्याचा हक्क, यासाठी 6 लाख रुपये अपेक्षित आहेत. खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. पुढच्या शनिवारी सकाळी कामशेतला सराव आहे, 20 मिनिटं बघायला याल का?’

करारात पदकाचं किंवा ठरावीक टास्कचं (एका दिवसाच्या शर्यतीचं) वचन देऊ नका. वारा किंवा ढग बिघडले की टास्क रद्द होतो, कधी आठवड्यात दोनच होतात. त्याऐवजी हातात असलेलं लिहा: छायाचित्रं, ट्रॅकलॉगचे (उड्डाणाच्या जीपीएस नोंदीचे) नकाशे आणि परतल्यावर 15 दिवसांत अहवाल, रद्द झालेले दिवस धरून.