दवाखान्यात संगणकावरची नोंद रुजवायची असेल तर

रजिस्टरही भरायचं आणि महिनाअखेरीला तेच पोर्टलवरही चढवायचं, हे चालू असेल तोवर एएनएम ताईंना (आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना) नोंदींसाठी दिलेला टॅबलेट हा जाचच वाटणार, आणि तो खरोखर जाचच आहे. म्हणून प्रशिक्षणाआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केंद्रातली सगळी रजिस्टरं टेबलावर मांडावीत आणि कोणता रकाना दोनदा लिहिला जातो त्यावर पेन्सिलीने खूण करावी. सुरुवात एकाच कामापासून करावी. गरोदर मातांची नोंदणी त्यासाठी उत्तम. नोंद बाई समोर बसलेली असतानाच व्हावी. संध्याकाळी आठवून भरलेला रक्तदाब सगळ्यांचाच 120/80 निघतो, आणि ज्या एकीचा वाढलेला होता ती नेमकी निसटते.

सगळ्यात जपायची नोंद म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. तिच्यात 280 दिवस मिळवून प्रसूतीची तारीख निघते. पहिली चुकली की दुसरी चुकते आणि तपासण्यांचं वेळापत्रकही सरकतं. बाई तारीख सांगत नाही, ‘गणपती बसले त्या दिवशी’ म्हणते. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 27 ऑगस्ट 2025 धरली तर प्रसूतीची तारीख 3 जून 2026 येते. आदल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून 7 सप्टेंबर टाकली तर 14 जून. टेबलाजवळ चालू आणि मागल्या वर्षाची दिनदर्शिका टांगून ठेवा. मुळीच आठवत नसेल तर 1 किंवा 15 तारीख ठोकून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीवरून गर्भाचं वय ठरू द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी. हडपसरची सून सातव्या महिन्यात जुन्नरला जाते, तिथे माहेरच्या नावाने नव्याने नोंदली जाते आणि एकाच बाईचे दोन आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्याच्या सरकारी पोर्टलवरचे नोंदणी क्रमांक) होतात. हडपसरच्या यादीत तिची तपासणी थकलेली दिसत राहते, आशाताई रिकाम्या घराचे हेलपाटे घालतात. म्हणून सहाव्या महिन्यातच विचारा: बाळंतपणाला कुठे जाणार? 12 अंकी क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून द्या. नवी नोंद करण्याआधी मोबाइल नंबर टाकून शोधा, नाव नंतर. ज्ञानेश्वरी हे नाव इंग्रजीत कुणी ‘डी’ने सुरू करतं, कुणी ‘जी’ने, मग नावावरून ती सापडत नाही.

आभा म्हणजे पेशंटचं डिजिटल आरोग्य खातं, त्याचा क्रमांक 14 अंकी. ओपीडीत क्यूआर लावला की पेशंट स्वतःच्या फोनवरून स्कॅन करतो, त्याची माहिती काउंटरवर येते आणि टोकन मिळतं. केसपेपरची रांग खरंच भराभर सरकते. अडतं ते आभा नव्याने काढताना, ओटीपीपाशी. आजी एकटी आलेली, आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा चाकणला पाळीवर. बोटांचे ठसे हा दुसरा मार्ग, पण शेतात राबलेल्या बोटांचे ठसे कधी कधी मशीन घेतच नाही. अशा वेळी केसपेपर हाताने काढा, औषध द्या, आभा पुढच्या खेपेला. आभा ऐच्छिक आहे. त्यावाचून उपचार अडवायचे नाहीत. ओटीपी मागताना तो कशासाठी, हे साध्या मराठीत सांगा. फोनवरच्या फसवणुकीने लोक पोळलेले आहेत, त्यांचं घाबरणं रास्त आहे.

मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात रेंज जाते. ऑफलाइन चालणारं ॲप असेल तर रेंजमध्ये आल्यावर आधी सिंक (फोनमधल्या नोंदी सर्व्हरवर चढवणं), मगच लॉगआउट. सिंक न करता ॲप काढून पुन्हा टाकलं तर फोनमधल्या नोंदी जाऊ शकतात. सर्व्हर बंद पडेल त्या दिवसासाठी कोऱ्या नोंदपत्रकांचा गठ्ठा ठेवा, रकाने पडद्यावरच्याच क्रमाने.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. एकाच पासवर्डवर पाच जणी काम करत असतील तर चूक कुणाची ते कळत नाही आणि बोलणी भलतीलाच बसतात. पेशंटची माहिती दिसणाऱ्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बदलीचा आदेश निघाला की कार्यमुक्त होण्याआधी लॉगिनला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्या, नाहीतर केंद्राचा ओटीपी बदलून गेलेल्या ताईंच्या फोनवर जात राहतो.