दुःखाच्या दिवसांत देवावर भरवसा कसा ठेवावा

घरातले माणूस गेले किंवा वेचणीला आलेल्या कपाशीची बोंडे गुलाबी बोंडअळीने आतून पोखरली, की ‘देवाची इच्छा’ म्हणून लगेच गप्प बसू नये. आधी त्याच्यापुढेच गाऱ्हाणे मांडावे. बायबलमधील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील 13 व्या स्तोत्राच्या आरंभी ‘कोठवर’ या अर्थाचा प्रश्न चार वेळा येतो आणि 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तक्रार म्हणजे अविश्वास नव्हे, कारण ऐकणारा आहे असे मानणाराच तक्रार करतो. पहाटे झोप उडाली तर ओसरीवर बसून एकच स्तोत्र मोठ्याने वाचावे. शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना पुरेशी आहे.

भेटायला येणाऱ्यांनी बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे मुले आणि संपत्ती गमावलेल्या भक्ताच्या, मित्रांकडून आरंभापुरतेच शिकावे. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. बिघडले ते बोलू लागल्यावर. (आमच्याकडे बोलणारेच फार.) उपदेशापेक्षा ज्वारीच्या चार भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून न्यावा.

सावकाराचे देणे मात्र लपवू नये. ते पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगावे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध घेतल्याने प्रार्थना खोटी ठरत नाही.