स्विस नॅशनल पार्क पायी कसं पाहावं: त्सेर्नेत्स गावातून आखायचा बेत

ताडोब्याचा हिशेब डोक्यात ठेवून इथे गेलात तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडेल. स्विस नॅशनल पार्कला गेट नाही, प्रवेश शुल्क नाही, जिप्सी नाही आणि परवानाही लागत नाही. उद्यानातून जाणारा ओफेनपासचा घाटरस्ता सोडला, तर सगळं पायीच पाहायचं. १ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झालेल्या या सुमारे १७० चौरस किलोमीटरच्या उद्यानात माणसाने कशातही हात घालायचा नाही, हा मूळ नियम. वादळात पडलेलं झाड तिथेच कुजतं. साहजिकच सोयीही जवळजवळ नाहीत. जी काय तयारी करायची ती पायथ्याच्या गावात.

आधी महिना ठरवा. पायवाटा साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुल्या असतात, हिवाळ्यात प्रवेशच बंद. जूनमध्ये उंचावर बर्फ शिल्लक असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं असतात, पण दुपारी विजांसह पाऊस येतो, म्हणून एकनंतर उघड्या खिंडीवर थांबायचं नाही. निवड करायची मुभा असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. लाल हरणांच्या माजाचा तो काळ असतो आणि नरांचं डरकणं दरीभर घुमतं.

पोहोचायचं कसं. झ्युरिकहून रेल्वेने लांडक्वार्ट, तिथून लाल रंगाच्या रेशियन रेल्वेने १९ किलोमीटरच्या फेराइना बोगद्यातून त्सेर्नेत्स, साधारण अडीच तास. स्विस ट्रॅव्हल पास ही रेल्वे आणि पुढची पिवळी पोस्टबस, दोन्हींवर चालतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीचा किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा काढताना डोंगरातली पायपीट आणि हेलिकॉप्टरने सुटका यांचा त्यात समावेश आहे का, हे वाचून घ्या. स्वस्त विम्यांत नेमकं हेच वगळलेलं असतं. फोनचंही तसंच: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे ‘युरोप’ नावाच्या काही सिमकार्डांचा डेटा इथे चालत नाही.

गावात पहिली संध्याकाळ. त्सेर्नेत्स साधारण १,४७० मीटर उंचीवर आहे. उद्यानाचं माहिती केंद्र इथेच आहे. ती काँक्रीटची पांढरट इमारत २००८ मध्ये उघडली. प्रदर्शनाला तिकीट आहे, पण खिडकीवरची चौकशी फुकट, आणि खरं काम तिथेच होतं. तीन गोष्टी विचारा: उद्या कोणती वाट बंद आहे, वर बर्फ आहे का, आणि परतीची शेवटची बस किती वाजता. छापील नकाशा विकत घ्या, दऱ्यांत नेटवर्क जातं. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठी सवलत कार्ड मिळतं का, तेही विचारा.

दुसऱ्या दिवशीचा डबा आजच घ्या. रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात. ब्रेड, चीज, फळं, सुका मेवा आणि माणशी दीड ते दोन लिटर पाणी हवं. वाटेवर टपरी नाही. शाकाहारींनी कापुन्सपासून सावध राहावं. पानात गुंडाळलेला हा पदार्थ अळूवडीच्या भावंडासारखा दिसतो, पण आत बहुधा सुकवलेलं मांस असतं. एंगाडिनचा, म्हणजे इथल्याच दरीचा, अक्रोडाचा केक शिदोरीला उत्तम. त्याच्या आवरणात अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा.

कोणती वाट घ्यायची. एकच दिवस असेल तर मार्गुनेट. सकाळच्या पहिल्या बसपैकी एक पकडा, ओफेनपासच्या दिशेने, आणि ८ क्रमांकाच्या वाहनतळाशी उतरा. थांबा येण्याआधी बटण दाबायला विसरू नका. तिथून पाइनच्या रानातून चढ लागतो. मग कुरण येतं, आणि शेवटी २,३२८ मीटरवरची मार्गुनेटची खिंड. चढाई ४०० मीटरच्या वर आहे. पलीकडे उतरून ७ क्रमांकाच्या वाहनतळाला या. चालण्याचे तीन-साडेतीन तास धरा. पिवळ्या पाट्यांवरच्या वेळेत थांबणं धरलेलं नसतं, सवय नसेल तर ती वेळ दीडपट करा. उतारावर खडी सुटते. कॅनव्हासच्या बुटांनी घसरायला होतं, घोट्यापर्यंतचे बूट घाला.

याच भागात १९९१ ते २००७ या काळात दाढीवाली गिधाडं सोडली गेली. युरोपातल्या आल्प्समधून माणसाने संपवलेला हा पक्षी आज पुन्हा इथल्या आकाशात आहे. ओळखायचा तो शेपटीवरून. गिधाडाची शेपटी लांब आणि पाचरीसारखी टोकदार, सोनेरी गरुडाची आखूड, टोकाला गोलसर. पंख अडीच मीटरहून जास्त पसरतात. हाड घेऊन उंच जातं, खडकावर टाकतं, फुटलेले तुकडे गिळतं. दुर्बीण ८ पट क्षमतेची पुरते. चालता चालता बघू नका. विश्रांतीच्या एका जागी पाऊण तास बसा आणि समोरचा उतार डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. इथली जनावरं दिसतात ती दूरवर, करड्या ठिपक्यांसारखी.

हरणांसाठी मात्र त्रुपचुन दरी. ती दुसऱ्या बाजूला आहे. रेल्वेने श्चान्फला उतरून चालायला लागायचं, जाऊन-येऊन चार-पाच तास. चढ सौम्य आहे, त्यामुळे मुलांना आणि वयस्कर मंडळींना हीच सोयीची. उद्यानाच्या हद्दीबाहेर वारूश इथे एक उपाहारगृह आहे.

नियम, ज्यात तडजोड नाही. पायवाट सोडायची नाही, फोटोसाठी दोन पावलंही नाही. बसायचं ते पिवळ्या खुणांनी आखलेल्या विश्रांतीच्या जागीच. फूल, दगड, गळून पडलेलं शिंग, काहीही उचलायचं नाही. तंबू, शेकोटी, ड्रोन, सायकल सगळं बंद. युरोपात राहणाऱ्या आणि घरी कुत्रा पाळलेल्या मंडळींनी विशेष ऐका: पट्ट्याला बांधलेला कुत्राही चालत नाही. वनरक्षक फिरत असतात आणि दंड करतात. कचरापेट्या शोधू नका, केळ्याचं सालही परत आणायचं.

आत रात्र काढायची तर दोनच पर्याय: घाटरस्त्यावरचं इल फुओर्नचं हॉटेल, किंवा त्सेर्नेत्सहून तीनेक तास चढून गेल्यावर येणारी क्लुओत्साची लाकडी झोपडी. दोन्हीकडे आधी जागा राखावी लागते, आणि सप्टेंबरचे शनिवार-रविवार लवकर भरतात.

बेत फसतो तो बहुधा परतीच्या बसवर. संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात. शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा आणि थांब्यावर चालकाला दिसाल असे उभे राहा. अडचणीत ११२, डोंगरी हवाई बचावासाठी १४१४. हे दोन आकडे निघण्यापूर्वी नकाशाच्या मागे लिहून घ्या.